मूत्रपिंडे, त्वचा आणि मराठवाड्याचा उन्हाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्तातले टाकाऊ पदार्थ बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे आणि त्वचा मिळून करतात, असे शाळेत शिकवले जाते. ते खोटे नाही, पण दोघांचा वाटा मुळीच सारखा नाही. मूत्रपिंडे शरीर साफ ठेवतात, त्वचा ते मुख्यतः थंड ठेवते, आणि दोघांनाही पाणी एकाच साठ्यातून मिळते. परभणी, नांदेड किंवा जालन्याच्या मे महिन्यात हा साठा कुणाच्या वाट्याला किती येतो, यावर पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे अवलंबून आहेत.

शरीरातला टाकाऊ पदार्थ म्हणजे शौचावाटे जातो तोच ना?

नाही. शौचावाटे जातो तो मुख्यतः न पचलेला चोथा आणि आतड्यातले जिवाणू. पित्तातली रंगद्रव्ये सोडली, तर त्यातले फारसे काही शरीराच्या पेशींतून आलेले नसते. उत्सर्जन हा शब्द पेशींनी स्वतःचे काम करताना तयार केलेल्या पदार्थांसाठी वापरतात. ज्वारीच्या भाकरीतून आणि तेलातून ऊर्जा काढून घेतली की कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते, आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे निघून जातो. प्रथिनांचे तसे नाही. तुरीचे वरण, अंडे, मटण यांतल्या प्रथिनांमध्ये नायट्रोजन असतो, आणि जास्तीची प्रथिने चरबीसारखी साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही. उरलेली ॲमिनो आम्ले मोडताना अमोनिया सुटतो, जो मेंदूला घातक असतो. यकृत त्याचे लगोलग युरियात रूपांतर करते. या रासायनिक चक्राचा उलगडा हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ साली केला.

हा युरिया आणि कपाशीला किंवा उसाला टाकायचा, ४५ किलोच्या पोत्यात मिळणारा युरिया हा रासायनिकदृष्ट्या एकच पदार्थ आहे. तो प्रयोगशाळेत तयार करता येतो हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर याने १८२८ साली दाखवले, तेव्हा सजीवांतले पदार्थ केवळ सजीवच घडवू शकतात या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला. प्रौढ माणूस दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम युरिया लघवीवाटे टाकतो. त्याच्या जोडीला स्नायूंतून येणारे क्रिएटिनिन, यूरिक आम्ल, जास्तीचे क्षार, आम्ले आणि घेतलेल्या औषधांचे अवशेष असतात.

मूत्रपिंड रक्त गाळते म्हणजे नेमके काय करते?

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला एकेक मूत्रपिंड असते. त्याची लांबी १० ते १२ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १५० ग्रॅम. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही भरत नाहीत, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त, त्यांच्याकडे जाते. एवढे रक्त त्यांना स्वतःच्या पोषणासाठी नको असते. ते साफसफाईसाठी आलेले असते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो आणि त्याभोवती पेल्यासारखी एक पिशवी असते, जिचे वर्णन विल्यम बोमन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८४२ साली केले. गुच्छातल्या रक्तदाबामुळे पाणी, मीठ, साखर, ॲमिनो आम्ले, युरिया असे लहान रेणू पिशवीत ढकलले जातात, तर रक्तपेशी आणि मोठी प्रथिने रक्तातच राहतात. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव असा गाळला जातो. लघवी मात्र दीड लिटरच्या आसपास होते. उरलेला सगळा द्रव पुढच्या नलिका परत रक्तात घेतात. निरोगी माणसात साखर जवळजवळ पूर्ण परत येते, मीठ आणि पाणी ९९ टक्क्यांच्या घरात परत येते, युरिया निम्म्याच्या आसपास परत येतो आणि क्रिएटिनिन जवळपास येतच नाही.

एवढे आधी बाहेर टाकून मग बहुतेक परत घ्यायचे, हा उलटा व्यवहार वाटतो. पण दिवाळीच्या साफसफाईत घरातले सगळे सामान अंगणात काढून हवे तेवढेच आत नेतात, तशी ही रीत आहे. नको असलेली वस्तू वेगळी ओळखण्याची त्यात गरज पडत नाही. जे आत नेले गेले नाही ते आपोआप बाहेर जाते. म्हणूनच माणसाच्या शरीराने यापूर्वी कधीही न पाहिलेले, कारखान्यात नव्याने तयार झालेले एखादे औषधही मूत्रपिंडे बिनबोभाट बाहेर टाकू शकतात.

मग लघवी कधी जास्त आणि कधी कमी, हे कोण ठरवते?

मुख्यतः मेंदू. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी दाट झाले तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळते, तहान लागते आणि पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडले जाते. ते मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांना पाणी परत घ्यायला लावते. लघवी कमी, दाट आणि गडद होते. भरपूर पाणी प्यायल्यावर हे संप्रेरक कमी होते आणि लघवी पाण्यासारखी पातळ होते. झोपेत सलग सहा-सात तास उठावे लागत नाही, त्यातही त्याचा वाटा आहे.

पण दाट करण्यालाही सीमा आहे. माणसाचे मूत्रपिंड लघवी रक्तापेक्षा साधारण चारपट दाट करू शकते, त्यापुढे नाही. दिवसभराचा युरिया आणि क्षार या कमाल दाटपणातही बाहेर काढायचे, तर किमान अर्धा लिटर पाणी खर्ची घालावेच लागते. माणूस पाणी पीत नसला तरी मूत्रपिंडे ते शरीरातून काढून घेतात. मूत्रपिंडांचे हे किमान देणे लक्षात घेतल्याशिवाय उन्हाळ्यातल्या पाण्याचा हिशेब लागत नाही.

घाम गाळला की शरीरातली घाण निघून जाते, हे खरे आहे का?

फारच थोडे खरे आहे. घामात सुमारे ९९ टक्के पाणी असते. उरलेल्यात मुख्यतः मीठ, थोडे पोटॅशियम आणि लॅक्टेट, आणि किंचित युरिया असतो. लघवीवाटे जाणाऱ्या युरियापुढे तो नगण्य आहे. त्याहून महत्त्वाचा फरक असा की घर्मग्रंथी कचऱ्याकडे पाहून काम करत नाहीत. रक्तात युरिया वाढला म्हणून कुणाला घाम सुटत नाही. घाम सुटतो तो शरीर तापले म्हणून किंवा माणूस घाबरला म्हणून. त्वचेला उत्सर्जन संस्थेचा भाग म्हणण्यात तांत्रिक चूक नाही, पण घाम काढून ‘डिटॉक्स’ करून देणाऱ्यांच्या जाहिरातींना त्यातून काही आधार मिळत नाही. वाफारा घेतल्यावर वजन एक किलोने उतरते, ते एक किलो पाणी असते आणि दोन तांबे पाणी प्यायले की भरून येते.

मग घामाचे खरे काम काय?

शरीर थंड ठेवणे. आपल्या त्वचेत २० ते ४० लाख घर्मग्रंथी आहेत. तळहात आणि तळपायांवर त्या सर्वांत दाट असतात. त्वचेच्या आतल्या थरात वेटोळे घातलेल्या नळीत आधी रक्तद्रवाइतकेच खारट पाणी झिरपते, आणि ते वर चढताना नळीच्या भिंती त्यातले बरेच मीठ परत घेतात. घाम सावकाश येत असेल तर तो कमी खारट असतो. धो-धो येत असेल तर मीठ परत घ्यायला वेळच मिळत नाही. लातूरच्या आडत बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाच्या सदऱ्यावर दुपारनंतर पाठीभर पांढऱ्या कडांचे नकाशे उमटलेले दिसतात. घामातले पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले ते मीठ असते. कडा एकाबाहेर एक अशा दोन-तीन दिसल्या, तर सदरा तितक्या वेळा भिजून वाळला असे समजावे.

एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे उडून गेला, तर त्याबरोबर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. तेवढी उष्णता शरीरातच कोंडली गेली असती, तर ६० किलो वजनाच्या माणसाचे तापमान ११ अंशांहून अधिक चढले असते, आणि ते जगण्याच्या पलीकडचे आहे. उडून गेलेला घामच कामाचा असतो, निथळून जमिनीवर पडलेला वाया जातो. मुंबईच्या दमट हवेत घाम निथळतो म्हणून तो जाणवतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो येतो आणि त्याच क्षणी उडतो. त्यामुळे अंग ओले होत नाही, आणि घाम फारसा आलाच नाही असे वाटते. मराठवाड्यात उन्हाच्या तडाख्याला लोक फसतात ते बहुधा इथेच.

उन्हाळ्यात लघवी कमी आणि गडद पिवळी का होते? ‘उन्हाळी लागणे’ म्हणजे हेच का?

उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याला तासाला एक लिटर घाम सहज येतो. पाच तासांचे पाच लिटर झाले. श्वासातून आणि न दिसणाऱ्या बाष्पातून आणखी पाऊण लिटर जाते. मूत्रपिंडांचे किमान अर्धा लिटर वेगळे. जमेच्या बाजूला अन्नातून मिळणारे पाऊण-एक लिटर आणि पेशींत तयार होणारे पाव लिटर धरले, तरी पाच लिटरच्या आसपास पाणी पोटात जायला हवे. शेतावर नेलेली पाच लिटरची कॅन तिघांत वाटली जात असेल, तर तूट कुठे पडते हे उघड आहे. शरीर अशा वेळी घाम लगेच आवरत नाही, कारण तापमान चढणे जास्त घातक असते. काटकसर मूत्रपिंडांच्या वाट्यात होते. लघवीचा रंग युरोबिलिन या रंगद्रव्यामुळे असतो. रंगद्रव्य तेवढेच राहते आणि पाणी घटते, म्हणून रंग गडद दिसतो.

दाट लघवीने मूत्रमार्गाची आग होते, तिला आपल्याकडे उन्हाळी लागणे म्हणतात. धने-जिऱ्याचे किंवा वाळ्याचे पाणी, सब्जा, पातळ ताक यांनी बरे वाटते, आणि त्याचे मुख्य श्रेय त्यांतल्या पाण्याला आहे. पाणी वाढवूनही एक-दोन दिवसांत आग थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, कंबरेत दुखू लागले किंवा लघवीत रक्त दिसले, तर ते उन्हाळीवर न घालवता लघवीची तपासणी करावी, कारण तो जंतुसंसर्ग असू शकतो.

उन्हाळ्यात दिवसाला किती पाणी प्यावे?

सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाही. दुकानात पंख्याखाली बसणारा आणि विहिरीच्या कामावर जाणारा यांचा हिशेब एक कसा असेल? लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असावी आणि जागेपणी तीन-चार तासांनी एकदा तरी व्हावी, हे माप तांब्या मोजण्यापेक्षा भरवशाचे आहे. बी-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी लघवी गर्द पिवळी होते, तेव्हा मात्र रंगावर जाऊ नये.

उलट्या टोकाचाही धोका आहे. मूत्रपिंडे तासाला जास्तीत जास्त लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतात. घामातून मीठ गेलेले असताना घटाघटा नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम उतरते, डोके दुखते, मळमळते, गोळे येतात आणि प्रकरण झटक्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून भरउन्हात काम करताना मीठ घातलेले ताक, आंबील, लिंबूपाणी यांचा आधार घ्यावा. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावे. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालावे. ज्यांची मूत्रपिंडे किंवा हृदय आधीच कमजोर आहे, त्यांना मात्र यातले काहीच डॉक्टरांना विचारल्याशिवाय लागू करू नये.

उन्हाची सवय होते म्हणतात, ती खरोखर होते का?

होते. रोज काही वेळ उन्हात काम केल्यास आठवडा ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि कमी खारट येतो. पण सवय झालेल्याला पाणी कमी लागत नाही, उलट जास्त लागते. पुण्याहून लग्नसराईला आलेला पाहुणा आणि गावातला सालगडी यांच्यातला फरक अंगाच्या काटकपणाइतकाच या दोन आठवड्यांचा असतो. ताप ४० अंश सेल्सियसच्या वर, बरळणे, तोल जाणे किंवा बेशुद्धी असेल, तर तो उष्माघात असतो. घाम येत असला तरीही तो असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करून गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालत राहावे, आणि शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना लघवीचा त्रास जास्त का होतो?

त्याचे कारण शरीरात जितके आहे, तितकेच कामाच्या जागेत आहे. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला निघालेल्या टोळ्या उन्हाळा लागेपर्यंत फडात असतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक धरले जाते. पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणे, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणे असा दिवस जातो, आणि फडाच्या आसपास आडोसा नसतो. बाई पाणी कमी पिते, म्हणजे जायला लागणार नाही. लागले तरी अंधार पडेपर्यंत रोखून धरते. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो, पुरुषाचा सुमारे वीस. बाहेरचे जंतू मूत्राशयापर्यंत पोचायला स्त्रीच्या शरीरात वाटच लहान आहे. वाहती लघवी हे जंतू धुऊन काढते, आणि नेमकी तीच कमी केलेली व अडवून ठेवलेली असते. पाळीच्या दिवसांत धुण्याबदलण्याची सोय नसणे ही त्यात भर. यात निष्काळजीपणाचा दोष त्या बाईला देणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. तिला फिरते शौचालय, पिण्याचे पाणी आणि मधली सुट्टी मिळाली, तर निम्मे काम औषधाविना होईल.

याला आणखी एक बाजू आहे. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत ऊसतोड करणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे, मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही, निकामी होत असल्याचे गेल्या काही दशकांत आढळले आहे. कारणांबद्दल वाद अजून मिटलेला नाही, तरी वर्षानुवर्षे कडक उन्हातले कष्ट आणि वारंवार होणारा पाण्याचा तुटवडा यांच्यावर मोठा संशय आहे, आणि तिथल्या काही मळ्यांवर पाणी, विश्रांती व सावली देण्याचे उपक्रम त्यातूनच सुरू झाले. आपल्याकडे आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्याचा उद्दानम भाग अशाच न उलगडलेल्या मूत्रपिंडविकारासाठी ओळखला जातो.

अंगदुखीच्या गोळीने किडनी जाते का?

एखाद्या गोळीने निरोगी माणसाची जात नाही. पण डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके रोज घेणे, आणि तीही अंगात पाणी कमी असताना घेणे, हे खरोखर धोक्याचे आहे. पाणी घटले की मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या मदतीने स्वतःकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवते. ही वेदनाशामके नेमकी तीच द्रव्ये अडवतात. दिवसभर मोळ्या वाहून संध्याकाळी मेडिकलमधून दहा रुपयांची पुडी घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. पॅरासिटॅमॉल योग्य मात्रेत घेतल्यास मूत्रपिंडांच्या दृष्टीने त्याहून सुरक्षित आहे. ज्यात काय आहे हे लिहिलेलेच नाही अशी भस्मे आणि बिननावाच्या पुड्या घेऊ नयेत, कारण त्यांत जड धातू किंवा स्टेरॉइड मिसळलेले सापडतात.

आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे. मुतखडा त्यामुळेच होतो का?

जड पाण्यावर दोष ढकलणे सोपे आहे, पण अभ्यासांतून त्याला ठाम दुजोरा मिळालेला नाही. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि लघवी दाट झाली की तिच्यात विरघळलेले हे क्षार स्फटिक होऊन बाहेर पडतात. म्हणजे बोअरच्या पाण्यात क्षार किती, यापेक्षा पाणी पोटात किती गेले हा प्रश्न मोठा आहे. एकदा खडा होऊन गेलेल्याने दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. जेवणातले मीठ कमी करावे, कारण लघवीत सोडियम वाढले की कॅल्शियमही वाढते. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही बंद करणे ही चूक आहे. जेवणातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते, आणि ते बंद केले तर ऑक्झलेट अधिक शोषले जाते. लिंबातले सायट्रेट स्फटिक जमण्याला विरोध करते.

हुलग्यांचे कढण घरोघरी दिले जाते. ते प्यायला हरकत नाही, मात्र पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआपच पडतात, हे ध्यानात ठेवून त्याचे श्रेय ठरवावे. कळ सहन न होणे, ताप येणे किंवा लघवी बंद होणे यांपैकी काहीही झाले, तर कढणावर थांबू नये. जड पाणी आणि फ्लोराइडयुक्त पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लोराइडमुळे दात आणि हाडे बिघडतात, आणि पाणी उकळून ते जात नाही.

घामोळ्या आणि घामाचा वास कशामुळे येतो?

घर्मनलिकांची तोंडे बंद होऊन घाम त्वचेतच अडकला की घामोळ्या उठतात. सैल सुती कपडे आणि गार पाण्याची अंघोळ पुरते. जाड थराने पावडर लावल्यास तोंडे आणखी बुजतात. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो. काखेतल्या वेगळ्या प्रकारच्या ग्रंथींचा स्राव त्वचेवरचे जिवाणू मोडतात, त्यातून तो येतो, आणि या ग्रंथी वयात आल्यावर काम करू लागतात म्हणून लहान मुलांना तो येत नाही.

मूत्रपिंडे बिघडू लागल्याचे कसे ओळखावे?

बहुधा ओळखू येत नाही, हीच अडचण आहे. निम्म्याहून अधिक क्षमता जाईपर्यंत माणूस शेतात जातो, जेवतो, झोपतो. सुजलेले पाय, सकाळी डोळ्यांखाली येणारी सूज, भूक मरणे, अंगाला खाज, रात्री वारंवार लघवीला उठणे ही चिन्हे उशिराची आहेत. आपल्या देशात मूत्रपिंडे जाण्याची सर्वांत मोठी कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही आहेत. यांपैकी काहीही असलेल्याने वर्षातून एकदा लघवीतले प्रथिन, रक्तातले क्रिएटिनिन आणि रक्तदाब पाहून घ्यावा.

लघवीतल्या प्रथिनाची एक जुनी तपासणी खेड्यातल्या प्रयोगशाळेतही करता येते. काचेची नळी लघवीने पाऊण भरून तिचा फक्त वरचा भाग ज्योतीवर तापवतात. प्रथिन किंवा काही क्षार असतील, तर खालचा द्रव स्वच्छ राहतो आणि वर पांढुरका ढग धरतो. मग त्यात ॲसेटिक आम्लाचे थेंब सोडतात. ढग विरला तर ते फॉस्फेटसारखे निरुपद्रवी क्षार असतात. तसाच राहिला तर ते अल्ब्युमिन, म्हणजे गाळणीतून निसटलेले रक्तातले प्रथिन. आता बहुतेक ठिकाणी रंग बदलणारी पट्टी वापरतात. घरी पाहण्याजोगी खूण म्हणजे लघवीवर येणारा, बराच वेळ न विरणारा फेस.

वडिलांचे क्रिएटिनिन १.४ आले आहे. अर्धी किडनी गेली, असे समजावे का?

एका आकड्यावरून काहीही समजू नये. प्रौढांत सर्वसाधारणपणे ०.६ ते १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे प्रमाण धरतात, पण क्रिएटिनिन स्नायूंतून येते. धिप्पाड माणसात ते थोडे वर असू शकते, आणि हडकुळ्या आजीचे १.१ हेही काळजीचे असू शकते. म्हणून वय आणि लिंग धरून गाळण्याचा वेग काढतात, ज्याला अहवालात ईजीएफआर म्हटलेले असते. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. रक्त उन्हातून आल्यावर, जुलाबात किंवा वेदनाशामके चालू असताना दिले असेल, तर काही दिवसांनी तपासणी पुन्हा करून घ्यावी.

मूत्रपिंडे थांबली तर त्यांचे काम त्वचा उचलते का?

उचलू पाहते, पण तिच्याने होत नाही. डायलिसिस मिळत नसे त्या काळात शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांच्या चेहऱ्यावर आणि छातीवर पांढरी भुकटी धरल्यासारखी दिसे. घामातून बाहेर आलेला युरिया पाणी उडून गेल्यावर त्वचेवर स्फटिकरूपाने बसलेला असे. इतका युरिया त्वचेवर येऊनही रक्तातले प्रमाण उतरत नसे आणि रुग्ण वाचत नसे. त्वचेच्या उत्सर्जनक्षमतेचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको. आता हे दृश्य क्वचितच आढळते.

शिवाय मूत्रपिंडांचे काम गाळण्यापुरते नाही. तांबड्या पेशी तयार करायला अस्थिमज्जेला सांगणारे एरिथ्रोपोएटिन तिथून येते, ड जीवनसत्त्व तिथे कार्यक्षम होते आणि रक्तदाबाचे नियंत्रणही तिथून चालते. म्हणून अशा रुग्णांना पंडुरोग होतो आणि हाडे ठिसूळ होतात.

डायलिसिसला किती वेळ आणि किती पाणी लागते?

रक्ताचे डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास करतात. रक्त एका बाजूने आणि क्षार मिसळलेला द्रव दुसऱ्या बाजूने वाहतो, मधल्या पातळ पडद्यातून युरिया द्रवात उतरतो. पहिले उपयोगी यंत्र विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये तयार केले. आजच्या यंत्रात हा द्रव मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर वाहतो, म्हणजे एका वेळी १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते, आणि ते शुद्ध करताना वाया जाणारे पाणी वेगळे. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तशा दुष्काळात डायलिसिसचे केंद्र चालू ठेवणे किती कठीण असेल, याचा अंदाज या आकड्यावरून करता येतो. जलनियोजनाच्या चर्चेत ही गरज क्वचितच मोजली जाते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे.

ज्यांची लघवी जवळजवळ थांबली आहे त्यांना दोन डायलिसिसच्या मध्ये मोजूनमापून पाणी घ्यावे लागते, भर मे महिन्यातही. तोंड कोरडे पडल्यास चूळ भरावी, बर्फाचा छोटा खडा चघळावा. शहाळे मात्र अशा रुग्णाला देऊ नये. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते, ते बाहेर टाकता आले नाही तर हृदय अचानक बंद पडू शकते. भेटायला जाणाऱ्या नातेवाइकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

भावाला एक मूत्रपिंड दिले तर पुढे शेतीचे काम करता येते का?

बहुतेकांना येते. पहिले यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये केले. तेव्हापासूनचा अनुभव असा आहे की मागे राहिलेले मूत्रपिंड काही आठवड्यांत आकाराने वाढते आणि दोघांनी मिळून केलेल्या कामापैकी सुमारे ७० टक्के काम एकटे करू लागते. भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळचे नातेवाईक तपासण्या आणि परवानगीनंतर दान करू शकतात, अवयवाची विक्री हा गुन्हा आहे. जखम पूर्ण भरेपर्यंत जड उचलणे टाळावे लागते. पुढे नांगरणी, खुरपणी, पाणी देणे यांना आडकाठी नसते. मात्र वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, उन्हात निघताना पाण्याची कॅन स्वतःची वेगळी न्यावी, आणि दरवर्षी रक्तदाब, लघवी व क्रिएटिनिन तपासून घ्यावे.